सेव्हर्नकाठची गाळात रुतलेली गलबतं: तशीच राहू द्यावीत का?

मुक्तछंदा
गेल्या रविवारी पर्टनला जाऊन आले. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये सेव्हर्न नदीच्या काठी हे एवढंसं गाव आहे. (नदीच्या पलीकडच्या काठावरच्या गावाचं नावही पर्टनच! पत्ता विचारताना आधी काठ विचारावा लागतो.) गावातून शार्पनेस बंदराकडे पायवाट जाते. डाव्या हाताला कालवा, उजव्या हाताला नदी, मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. त्या पट्टीच्या नदीकडच्या अंगाला गवतातून लाकडं वर आलेली दिसतात. आधी वाटलं जुनं कुंपण असेल. जवळ गेले तर ती गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक होती. पुढे दुसरी, मग तिसरी. फासळ्या, गंजलेले खिळे, सुकाणूचा सोट, त्यावर उगवलेलं गवत.

ऐंशीच्या वर नौका आहेत तिथे. १९०९ मध्ये नदीने हा काठ खचवला. आत लगेच ग्लॉस्टर–शार्पनेस कालवा, १८२७ साली खुला झालेला, सुमारे २६ किलोमीटर लांबीचा. काठ गेला असता तर कालवा नदीत रिकामा झाला असता. तेव्हा कालव्याच्या मुख्य अभियंत्याने कामातून गेलेल्या नौका मागवल्या. मोठ्या उधाणाच्या भरतीला त्या ओढून आणायच्या, काठावर चढवायच्या आणि तळाला भोकं पाडून सोडून द्यायच्या. हे काम पुढे साठेक वर्षं अधूनमधून चालू राहिलं.

त्यांतल्या कितीतरी 'ट्रो' आहेत. सेव्हर्नवरची शिडाची मालवाहू नौका ती हीच. सपाट तळ, मागची बाजू इंग्रजी डी अक्षरासारखी, मालाचा खण उघडा. कडेने पाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कॅनव्हास ताणायचे. पूल आला की डोलकाठी आडवी करायची. वर श्रूसबरीपर्यंत जायच्या. वारा नसला की माणसं काठावरून दोर खांद्यावर घेऊन ओढायची. घोड्यांसाठी वाटा झाल्या त्या फार नंतर.

मी तासभर एका फासळीला हात लावून उभी होते. इतकी माणसं या फळ्यांवर जगली, आणि आता पावसात कुजतंय सगळं. हा ठेवा असा उघड्यावर राहू द्यावा का? की काढून कुठे छपराखाली न्यावा? तुम्हाला काय वाटतं?

कंदील
काय सुंदर लिहिलंय! पण फोटो दिसत नाहीत.

मुक्तछंदा
@कंदील, परवानगी बदलली आहे, आता बघा.

कंदील
दिसले! चौथ्या फोटोतली ती वळलेली फळी म्हणजे पाठ टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी आहे.

सरळसोट
मी स्पष्ट लिहितो. ही गलबतं जपायला म्हणून तिथे ठेवलेली नाहीत. दगड महाग, जुनं लाकूड स्वस्त, म्हणून भराव म्हणून टाकली. भराव भरावाचं काम करतोय. ऐंशी नौका संग्रहालयात न्यायला जागा कुठून आणायची आणि पैसा कुठून? एक नमुना नीट जपावा, बाकीच्यांना शांतपणे जाऊ द्यावं.

गवतीचहा
@सरळसोट, हाच न्याय आपल्या गढ्यांना लावला म्हणून गावोगावच्या गढ्यांची माती लोकांनी घरांना नेली. एक नमुना जपायचा म्हणजे कोणता? प्रत्येक नौका वेगळ्या सुताराच्या हातची असते. तेव्हा छापील आराखडे नव्हते. एक गेली की त्या सुताराची अक्कल गेली.

मुक्तछंदा
@सरळसोट, नमुना आहे. 'स्प्राय' नावाची ट्रो, १८९४ साली चेपस्टोला बांधलेली. आयर्नब्रिजजवळ ब्लिस्ट्स हिलच्या संग्रहालयात दुरुस्त करून ठेवली आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी पाहिली. देखणी आहे, रंगवलेली आहे. पण खरं सांगते, तिथे मी दहा मिनिटं थांबले आणि पर्टनला तासभर.

शिवाय पर्टनच्या नौकांपैकी 'हॅरिएट' हिला कायद्याचं संरक्षण आहे. स्टोनहेंज ज्या यादीत आहे त्याच संरक्षित स्मारकांच्या यादीत ही गाळातली नौका आहे! १९०५ ची, केनेट पद्धतीची, त्या घडणीची उरलेली शेवटची म्हणून ओळखली जाते.

पोलादी
मी आयुष्यभर बंधाऱ्यांची कामं केली, म्हणून त्या भोकांबद्दल लिहितो. अनेकांना वाटेल की बुडवण्यासाठी भोकं पाडली. तेवढंच कारण नाही. रिकामी नौका काठावर चढवून ठेवली तर पुढच्या उधाणाला ती तरंगेल आणि काठालाच धडका देत बसेल. तळाला भोक असलं की भरतीचं पाणी आत येतं. सेव्हर्नचं पाणी म्हणजे पातळ केलेला चिखलच. आत आलं की ते संथ होतं, गाळ खाली बसतो, ओहोटीला नुसतं पाणी बाहेर पडतं. असं भरतीमागून भरती. काही काळात नौका गाळाने गच्च भरते आणि तिचा जड ठोकळा होतो. दोन नौकांच्या मधल्या जागेतही पाणी मंदावतं, तिथेही गाळ धरतो, त्यावर गवत येतं, गवताची मुळं गाळ बांधून ठेवतात. म्हणजे नदीनेच आणलेला गाळ नदीविरुद्ध उभा केला. ज्याला हे सुचलं त्याला मी हात जोडतो.

त्या नदीचं बळही लक्षात घ्या. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. सेव्हर्नच्या मुखाशी अ‍ॅव्हनमथला भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या घरात जातो.

टिकटॉकटिक
म्हणजे आयुष्यभर माल वाहिला आणि निवृत्तीनंतर पुन्हा चौकीदारी! आमचे आजोबा अगदी असेच होते, पेन्शन सुरू झाल्यावर सोसायटीचा पंप तेच सांभाळायचे.

आल्मेरची ऊर्मी
मी नेदरलँड्समध्ये फ्लेव्होलँडला राहते. माझं घर जिथे आहे तिथे शंभर वर्षांपूर्वी समुद्राचं पाणी होतं. १९३२ मध्ये बांध घालून झाउडरझी हा उपसागर तोडला आणि मग टप्प्याटप्प्याने पाणी उपसून जमीन काढली. त्या जमिनीत चारशेच्या वर बुडालेल्या नौका सापडल्या. नांगरताना फाळाला लाकूड लागायचं. यांतल्या पुष्कळशा सपाट तळाच्या, शिडाच्या, देशांतर्गत माल वाहणाऱ्या, म्हणजे मुक्तछंदाताईंच्या ट्रोच्या चुलत बहिणीच.

इथे त्यांनी काय केलं ते सांगते. काही उकरून, मोजून, नोंदी करून संपवल्या. आणि काही मुद्दाम पुन्हा पुरल्या! वर माती चढवली, आजूबाजूचं भूजल उंच राहील अशी व्यवस्था केली, म्हणजे लाकूड कायम ओलं राहावं. शेतात खांब आणि त्यावर छोटीशी नौका दिसली की समजायचं, खाली कोणीतरी झोपलंय. माझी मुलगी लहान होती तेव्हा अशा खांबापाशी आली की हळू बोलायची.

तेव्हा छपराखाली नेणं हा एकच उपाय नाही.

रसायनशाळा
ऊर्मीताईंनी लिहिलेलं ओलाव्याचं तंत्र महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

लाकूड पाण्याने कुजत नाही, पाणी आणि हवा आलटून पालटून मिळाली की कुजतं. गाळात प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे बुरशीला जगता येत नाही. तिथे लाकूड शेकडो वर्षं राहतं. पण आतून ते पोकळ झालेलं असतं, पेशींच्या भिंती पाण्याच्या आधारावर उभ्या असतात. तसं लाकूड बाहेर काढून उन्हात ठेवलं की पाणी जातं, पेशी कोसळतात आणि फळी चिपाडासारखी आक्रसते. स्वीडनची 'वासा' १६२८ मध्ये बुडाली, १९६१ मध्ये वर काढली, तर त्यानंतर सतरा वर्षं तिच्यावर मेणासारख्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची फवारणी चालली होती. इंग्लंडची 'मेरी रोझ' १९८२ मध्ये काढली, तिची फवारणी २०१३ पर्यंत चालू होती. एकेका नौकेचा हा संसार. ऐंशीचा कोण करणार?

पर्टनला पाण्यावर जे दिसतंय ते जाणार. सारखं भिजतंय, सारखं वाळतंय. पण गाळाखाली जे आहे ते उत्तम असेल. त्यांना हलवलं तर जे टिकलंय तेही जाईल.

गवतीचहा
@रसायनशाळा, हे माहीत नव्हतं. माझं मत थोडं हललं. 'बाहेर काढा' हा हट्ट सोडते. पण 'जाऊ द्या' हे तरीही पटत नाही.

चिंचोका
ट्रो चा उच्चार 'ट्राव' की 'ट्रो'?

मुक्तछंदा
@चिंचोका, ट्रो. इथले लोक 'क्रो'शी यमक जुळवतात.

नॉर्फोकवाला
पूर्व इंग्लंडमधली गोष्ट सांगतो, कारण ती सरळसोट आणि गवतीचहा दोघांच्याही बाजूची आहे. नॉर्फोकच्या नद्यांवर 'व्हेरी' नावाची शिडाची मालवाहू होडी चालायची. एकच डोलकाठी, एकच मोठं काळं शीड. ते काळं का, तर डांबर आणि हेरिंग माशाचं तेल चोपडायचे, म्हणजे कापड टिकतं. डोलकाठीच्या बुंध्याला वजन लावलेलं असायचं, त्यामुळे पुलाखाली एखाद-दोन माणसांना ती सहज पाडता आणि उभी करता यायची. सगळ्या व्हेरींत मिळून माल वाहणाऱ्या दोनच आज तरंगत्या आहेत. एक 'अ‍ॅल्बियन', १८९८ ची. दुसरी 'मॉड', १८९९ ची. ही मॉड रॅनवर्थच्या तळ्यात काठ राखण्यासाठीच बुडवलेली होती. १९८१ मध्ये एका जोडप्याने ती गाळातून वर काढली आणि कित्येक वर्षं खपून पुन्हा शिडावर चालती केली. मी तिला वाऱ्यावर जाताना पाहिलंय. पाण्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही.

पण रॅनवर्थला बाकीच्या अजून तशाच आहेत, बगळे बसतात त्यांच्यावर.

धरमतरकर
रोज धागे वाचतो, लिहीत नाही. हा वाचून राहवलं नाही.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठावर. आजोबा पडावावर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख होते. पडाव म्हणजे आमच्याकडची शिडाची मोठी मालवाहू होडी. इथून भात, मीठ, पेंढा भरून मुंबईला जायचं आणि येताना किराणा, कौलं, जे मिळेल ते. भरतीवर आत यायचं, सुकतीवर बाहेर पडायचं. वारा पडला की वल्ही. नॉर्फोकवाल्यांनी माशाच्या तेलाचं लिहिलंय, आमच्याकडे मुशी माशाचं तेल लावायचे फळ्यांना. लहानपणी त्या वासाने मळमळायचं. आज तो वास आला तर मी रडेन.

रस्ते झाले, ट्रक आले, पडाव बसून राहिला. मग एका पावसाळ्यात उधाणाला बांधाला खांड गेली. खारेपाटातल्या लोकांना सांगायला नको, खांड गेली म्हणजे खारं पाणी शेतात, आणि पुढची तीन-चार वर्षं भाताचा दाणा नाही. गावातली सगळी माणसं रात्री कंदील घेऊन बांधावर. दगड टाकले, वाहून गेले. मातीच्या गोण्या टाकल्या, वाहून गेल्या. शेवटी आजोबा म्हणाले, माझा पडाव घ्या. भरतीला ढकलत नेला, खांडीत आडवा घातला, कुऱ्हाडीने तळ फोडला आणि आत दगड भरले. पहिला घाव आजोबांनी स्वतः घातला, असं आत्या सांगते. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत.

खांड बुजली. त्या बांधावरून आम्ही शाळेत जायचो. पडावाची नाळ अजून तिवरांत दिसते. पर्टनचं वाचेपर्यंत मला वाटायचं की असं जगात एकट्या आमच्या आजोबांनीच केलं.

कंदील
…

मुक्तछंदा
धरमतरकर, दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तुम्ही लिहायला हवं. रोज.

पोलादी
धरमतरकर, तुमच्या आजोबांनी आणि त्या इंग्रज अभियंत्याने एकच गोष्ट केली. फरक एवढाच की त्याने परक्या नौका दिल्या.

सरळसोट
मी वर 'भराव' हा शब्द वापरला होता. तो मागे घेतो.

चॉकलेटची आई
थोडं अवांतर. या कालव्यावर फ्रॅम्प्टनला कॅडबरीचा कारखाना होता ना? मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वाचलं होतं. १९१६ ला सुरू झाला. आसपासच्या गोठ्यांतलं दूध गोळा करायचे, कोको आणि साखर घालून त्याचा कोरडा चुरा करायचे आणि तो होड्यांतून बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिलला जायचा.

टिकटॉकटिक
चॉकलेटचा चुरा भरलेली होडी! मला खलाशी व्हायचंय.

नॉर्फोकवाला
पर्टनच्या जवळ गोल दगडी बुरूज आहे ना कालव्याच्या काठी? तो कशाचा?

मुक्तछंदा
@नॉर्फोकवाला, तो रेल्वेच्या पुलाचा. १८७९ चा सेव्हर्न पूल. कालव्यावरचा भाग फिरता होता, तो या बुरुजावर फिरायचा. २५ ऑक्टोबर १९६० च्या रात्री दाट धुक्यात तेल वाहणारी दोन जहाजं प्रवाहात शार्पनेसचं तोंड चुकून वर वाहत गेली, एकमेकांना बिलगली आणि पुलाच्या खांबावर आदळली. पुलाचे दोन गाळे कोसळले, आग लागली. आठ खलाशांपैकी पाच गेले. पूल पुन्हा बांधला नाही, पाडून टाकला. त्या दोन जहाजांचे सांगाडे ओहोटीला अजून नदीत दिसतात. मी गेले तेव्हा दिसत होते. म्हणून तिथे नुसता फेरफटका मारल्यासारखं वाटत नाही, आवाज आपोआप खाली येतो. ऊर्मीताईंच्या मुलीसारखा.

भटका_कुट्टन
मराठी घरात वाढलेला, नोकरी कोचीला. केरळात चेर्तलाजवळ तैक्कलला नारळाच्या जमिनीत अशी एक जुनी शिडाची नौका सापडली. २००३ मध्ये नीट उत्खनन झालं. लांबी अठरा मीटरच्या वर, तळ सपाट, खाडी आणि बॅकवॉटरमध्ये चालेल अशी, आंजिलीचं लाकूड. समुद्र तिथून मागे सरला आणि नौका जमिनीत राहिली. आपल्याकडे नाही असं नाही, आपण खाली बघत नाही.

ब्रिस्टॉलची बाय
उशिरा आले धाग्यावर. मुक्तछंदा, तू एक गोष्ट लिहिलीच नाहीस. त्या कालव्याचं पाणी आता कशासाठी वापरतात? ब्रिस्टॉलच्या पिण्यासाठी! पर्टनलाच शुद्धीकरण केंद्र आहे, कालव्यातून पाणी घेतं. ब्रिस्टॉलच्या पाण्याचा मोठा भाग तिथून येतो. म्हणजे मी सकाळी ज्या पाण्याचा चहा करते ते त्या मोडक्या नौकांच्या पाठीमागून येतं.

मुक्तछंदा
बाय, मी त्या केंद्राच्या कुंपणाजवळून चालत गेले आणि हे डोक्यात आलं नाही! मग माझा मूळ प्रश्नच बदलला. त्यांना काढून नेणं शक्यच नाही. त्या कामावर आहेत.

पोलादी
बरोबर. आणि म्हणूनच आता मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: नौका हलवू नयेत, नोंदी मात्र आजच कराव्यात. प्रत्येक नौकेची लांबी, रुंदी, फळ्या कशा जोडल्या, खिळे लोखंडी की लाकडी, कोणी बांधली, कोण तांडेल होता. लाकूड जाईल, माप राहील. मापावरून पुन्हा बांधता येते.

मुक्तछंदा
ते काम तिथे झालंय, आणि सरकारने नाही, लोकांनी सुरू केलं. 'फ्रेंड्स ऑफ पर्टन' नावाची स्वयंसेवकांची संस्था आहे. त्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून नौका ओळखल्या आणि काठावर नावांच्या पाट्या लावल्या. मधल्या काळात लोक या नौकांची लाकडं शेकोटीला जाळायचे. पाटी लागल्यावर माणूस थबकतो. नाव असलेल्या वस्तूला आग लावायला हात धजत नाही.

गवतीचहा
@धरमतरकर, तुमच्या पडावाचं नाव काय होतं?

धरमतरकर
@गवतीचहा, तुमचा प्रश्न वाचला आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. आत्याला फोन केला. चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण नाव विचारल्याबरोबर म्हणाली, "लक्ष्मीप्रसाद. नाळेवर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं. तुझ्या आज्याने दर नारळी पुनवेला स्वतः गिरवलेलं." मग तासभर बोलत होती. तळाच्या मुख्य सोटाला पठाण म्हणायचे हे तिने सांगितलं. पडावावर चूल कुठे असायची, तांडेलाने शिळा भात का खायचा नाही, सगळं. मुलाने फोनवर रेकॉर्ड केलंय.

येत्या अमावस्येला गावी जातोय. अमावस्येला आमच्याकडे सकाळी सहाच्या सुमाराला पुरती सुकती असते, तेव्हा चिखलात उतरता येईल. पोलादी काका, काय काय मोजू ते लिहून द्याल का? माझ्याकडे साधी टेप आहे, पंधरा मीटरची.

पोलादी
पंधरा मीटर पुरेल. आधी काही उपटू नका, चिखल हाताने बाजूला करा. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सरळ दोरी बांधा आणि दर मीटरला दोरीपासून दोन्ही बाजूंचं अंतर लिहा. प्रत्येक फळीची रुंदी आणि जाडी. खिळ्यांमधलं अंतर. फळ्यांच्या फटीत कापूस किंवा दोरा ठोकलेला दिसला तर त्याचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. कागद भिजतो, पेन्सिलीने लिहा. आणि एकटे उतरू नका, गाळ पाय धरतो.

सरळसोट
मी पेणला असतो. अमावस्येला पहाटे साडेपाचला बांधावर येतो. माझ्याकडे तीस मीटरची टेप आणि दोन जोड गमबूट आहेत. तुमच्या पायाचा नंबर कळवा.

धरमतरकर
आठ. चहा आत्याकडे.